पाठीवरचे बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण म्हणतो ते काही कौतुकाने म्हणत नाही. ज्याच्या बदल्या फार होतात, ज्याला भाड्याची जागा टिकत नाही, किंवा जो मुळातच एका ठिकाणी बूड टेकवत नाही, अशा माणसाबद्दल थोडी कीव आणि थोडी नापसंती मिसळून आपण ही म्हण वापरतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना या वाळवंटी राज्यात विंचू पुष्कळ आहेत, आणि हिवाळ्यात तिथे बिऱ्हाड पाठीवर घेतलेली माणसेही पुष्कळ असतात. ती एकमेकांना भेटली की "यंदा कुठून आलात?" एवढेच विचारतात. कीव कुणी करत नाही. निदान तोंडावर तरी नाही. २०२३च्या जानेवारीत सतरा दिवस आम्ही पाच माणसे या मंडळींत राहून आलो. मी आणि ही, आमची लेक, जावई आणि आठ वर्षांची नात.

लेकीचे घर फीनिक्स शहरात. जावईबापूंना रजा मिळाली आणि त्यांनी भाड्याने एक मोटर होम आणले. मोटर होम म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. पुढून पाहिले तर ट्रक, मागून पाहिले तर पत्र्याची खोली. आमच्या गाडीची लांबी २५ फूट, रुंदी जेमतेम ८. आत शिरल्याबरोबर जेवणाचे टेबल. रात्री ते खाली दाबून वर गाद्या टाकल्या की त्याचाच पलंग. समोर तीन शेगड्यांचा ओटा, एक ताट कसेबसे मावेल एवढे बेसिन आणि कपाटाएवढा फ्रीज. मागच्या अंगाला आडवा पलंग, त्याच्या शेजारी न्हाणीघर आणि संडास एकाच फळीआड. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा. त्यावर नातीने पहिल्याच मिनिटाला आपली बाहुली ठेवून हक्क सांगितला. गिरगावातली आमची लहानपणची खोली याहून मोठी नव्हती, आणि तीत आम्ही नऊजण राहत होतो. फरक एवढाच, की ती खोली ताशी साठ मैलांनी धावत नव्हती.

हा फरक हिच्या ध्यानात पहिल्या वळणाला आला. चालत्या घरात प्रत्येक कपाटाला कडी, प्रत्येक खणाला खिटी, आणि प्रत्येक डब्याखाली रबराचा तुकडा लागतो. तरीही पाच माणसांचे संसारसाहित्य बोलू लागते. कालथा झाऱ्याशी बोलतो, कुकरची शिटी आपल्याशीच गुणगुणते. हिने सगळी भांडी टॉवेलांत गुंडाळून मुकी केली तेव्हा कुठे आम्हाला एकमेकांचे बोलणे ऐकू येऊ लागले. पेट्रोल ही गाडी पिते म्हणजे किती पिते? लिटरला चार किलोमीटर! जावईबापू पंपावर उभे राहिले की मी शिष्टाचार म्हणून दुसरीकडे पाहत असे.

आमचा मार्ग असा होता: फीनिक्सहून उत्तरेला ग्रँड कॅनियन, तिथून पश्चिमेला कोलोरॅडो नदीच्या काठाने खाली उतरून क्वार्टझाइट, आणि परत फीनिक्स. फीनिक्स समुद्रसपाटीपासून अकराशे फुटांवर, तर ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ सात हजारांवर. सकाळी खिडकीबाहेर हात वर करून उभे असलेले उंच निवडुंग दिसत होते. दुपारी त्यांच्या जागी पाइनची झाडे आली आणि झाडांखाली बर्फ. दरीचे वर्णन मी करणार नाही. तांबड्या कड्यांवर पांढरे बर्फ बसलेले असते, आणि वाऱ्याचा आवाज खालून वर येतो, एवढे सांगून सोडून देतो. उत्तरेकडचा काठ हिवाळ्यात बंद असतो, दक्षिणेकडचा बारा महिने उघडा. त्या काठावरच्या जंगलातल्या मुक्कामाच्या जागेत आम्ही गाडी उभी केली. गाडीला जोडायला तिथे ना विजेचा खांब, ना नळ. जे काही असेल ते बरोबर आणलेले.

त्या रात्रीची गोष्ट मात्र सविस्तर सांगतो, कारण घर म्हणजे काय काय असते हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्या रात्री कळले.

गाडीत ऊब देणारी भट्टी असते, ती प्रोपेन गॅसवर चालते. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच द्रवाचा वायू होण्याचे नाकारतो, प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत इमानाने वर येतो. म्हणून थंड मुलखात प्रोपेन. तेव्हा गॅसची चिंता नव्हती. पण भट्टीतली गरम हवा खोलीभर पोचवायला पंखा लागतो, पंख्याला वीज लागते, वीज बॅटरीतून येते, आणि थंडी वाढली की बॅटरीची ताकद कमी होते. म्हणजे ज्या रात्री ऊब सर्वांत जास्त हवी, त्याच रात्री ती पुरवणारी बॅटरी सर्वांत अशक्त! बाहेर उणे दहाच्या आसपास होते. भाड्याच्या गाडीतली बॅटरी आधीच म्हातारी. पहाटे साडेतीनला पंख्याचा आवाज हळूहळू खोल गेला आणि थांबला.

जावईबापू टॉर्च घेऊन उठले. जनित्र सुरू करावे, तर मुक्कामाच्या जागेत रात्री जनित्र चालवायला बंदी. शेजारची माणसे झोपलेली असतात आणि नियम नियम असतो. मी म्हटले, "शेगडी पेटवून ठेवू या का?"

"बाबा, अजिबात नाही," लेक म्हणाली. "बंद जागेत शेगडी पेटवून ठेवली की हवेतला प्राणवायू संपतो आणि विषारी वायू साठतो. झोपेतच जातात माणसं." छताला त्या वायूचा इशारा देणारी एक डबी होती, तिचा हिरवा दिवा तेवढा मिणमिणत होता.

मग हिने मुंबईहून आणलेली गोधडी बाहेर काढली. ती आणण्यावरून विमानतळावर आमचे थोडे वाजले होते, कारण तिचे वजन साडेतीन किलो. हिच्या आईच्या जुन्या लुगड्यांची ती गोधडी नातीच्या अंगावर गेली, आणि आम्ही चौघे कोट घालून मागच्या पलंगावर ओळीने बसून राहिलो. खिडक्यांच्या काचांना आतून बर्फ धरले होते. ते आमचेच श्वास आणि रात्रीच्या भाताची वाफ. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी छताची खिडकी बोटभर उघडी ठेवावी लागते ती याचसाठी, नाहीतर गाद्या ओल्या होतात आणि महिन्याभरात बुरशी चढते.

उजाडल्यावर नळ उघडला तर पंप घूं घूं करी, पण पाणी येईना. बेसिनखालची नळी गोठली होती. कपाटांची दारे सताड उघडी ठेवली, जनित्राची वेळ झाल्यावर ते लावले, भट्टी पुन्हा धडधडू लागली, आणि दोन तासांनी नळातून आधी एक उचकी, मग थुंकी आणि मग धार आली. नातीने टाळ्या वाजवल्या. मला मात्र आमच्या घरातल्या नळाची आठवण झाली. चाळीस वर्षांत मी त्याच्यासाठी एकदाही टाळी वाजवली नव्हती.

पाण्याचा हिशेब तर रोजचाच. टाकीत १५० लिटर, माणसे पाच. अमेरिकन मंडळी या अडचणीवर शॉवरची तोटी बंद-चालू करून मात करतात: अंग भिजवा, बंद करा, साबण लावा, सोडा, आवरा. हिने तो प्रकार एक दिवस पाहिला आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून प्लॅस्टिकची बादली आणि मोजपात्र आणले. तासाभराच्या नळावर दोन मुले वाढवलेल्या बाईला पाणी वाचवायला कुणी शिकवायचे? एका माणसाची आंघोळ सहा लिटरांत बसू लागली. पुढे क्वार्टझाइटला शेजारच्या दोन बायका ही बादली-आंघोळीची पद्धत पाहून गेल्या आणि मोजपात्र कुठे मिळते ते विचारून गेल्या.

पाणी येते तसे ते जातेही. मोरीचे पाणी एका टाकीत, संडासाचे दुसऱ्या टाकीत. पहिलीला तिकडे 'करडी' म्हणतात, दुसरीला 'काळी'. चार-पाच दिवसांनी गाडी एका ठरावीक जागी नेऊन जाड नळी लावायची आणि दोन्ही टाक्या जमिनीतल्या गटारात रिकाम्या करायच्या. आधी काळी, मग करडी. म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हे काम मी मागून घेतले. रबरी हातमोजे घालून रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे एक निवृत्त दंतवैद्य, मागे एक माजी बँक मॅनेजर. दोघेही आपापली नळी खांद्यावर टाकून हवामानावर बोलत होते. आमच्या पिढीने डोक्यावरून मैला वाहणारी माणसे डोळ्यांनी पाहिली आहेत. ती प्रथा बंद करणारा कायदा आपल्याकडे १९९३ साली झाला आणि पुन्हा अधिक कडक करून २०१३ साली करावा लागला. घरातली घाण उचलणारा कोणीतरी वेगळाच असतो, हे आपल्या घरांच्या पायातच कुठेतरी बांधलेले आहे. त्या रांगेत मला जरा अवघडल्यासारखे झाले, पण ते वासामुळे नव्हे.

तर असे धडे गिरवत आम्ही खाली उतरलो. वाटेत लेक हावासू सिटी नावाचे गाव लागते. तिथे लंडनचा जुना पूल आहे. होय, लंडनचाच. १९६८ साली मॅकलक नावाच्या एका उद्योगपतीने तो चोवीस लाख साठ हजार डॉलरला विकत घेतला, दगडांना क्रमांक घालून जहाजाने आणला आणि १९७१ साली वाळवंटात पुन्हा उभा केला. पुलाने बिऱ्हाड हलवले, मग माणसांनी हलवायला काय हरकत आहे?

क्वार्टझाइट हे गाव म्हणाल तर काहीच नाही. २०२० च्या शिरगणतीत जेमतेम २,४०० वस्ती. दोन हमरस्त्यांचा छेद, चार पेट्रोलपंप, भोवती खडकाळ माळ आणि क्षितिजावर तपकिरी डोंगर. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो तेव्हा कुत्रेही सावली सोडत नाही. पण जानेवारीत दिवसा एकोणीस-वीस अंश, रात्री पाच. आकाश निळे आणि पाऊस जवळजवळ नाहीच. म्हणून उत्तरेकडची राज्ये आणि कॅनडा बर्फाखाली गेले की तिथली वयस्क माणसे घरे घेऊन इथे येतात. त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात. आपल्या ठाण्याच्या खाडीवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात तसेच हे. गावाबाहेर नजर जाईल तिथपर्यंत पांढरी छपरे चमकतात आणि गावची वस्ती कित्येक पटींनी वाढते. १९६७ सालापासून इथे दरवर्षी दगड-रत्नांचा मोठा बाजार भरतो. पायात दगड बोचणाऱ्या मुलखात माणसे दगड विकत घ्यायला येतात, हे पाहून मला फार बरे वाटले.

गावच्या दफनभूमीत एक दगडी पिरॅमिड आहे, वर तांब्याचा उंट. त्याखाली झोपलेल्या गृहस्थाला गाव 'हाय जॉली' म्हणते. मूळ नाव हाजी अली! मुंबईकर वाचकाला बसचा थांबा आठवेल. पण हा हाजी अली तुर्की साम्राज्यातला उंटवाला. अमेरिकन सैन्याने वाळवंटातल्या वाहतुकीसाठी १८५६-५७ मध्ये दोन खेपांत सत्तराहून अधिक उंट बोटीने आणले, त्यांच्याबरोबर हाही आला. पुढे यादवी युद्ध पेटले, उंटांचा बेत बारगळला, हाजी अली मात्र इथेच राहिला आणि १९०२ साली वारला. १९३५ साली राज्याच्या रस्तेखात्याने त्याचे हे स्मारक बांधले. घर पाठीवर घेऊन या वाळवंटात आलेल्यांचा मूळपुरुष रस्तेखात्याला बरोबर सापडला असे म्हणायला हवे.

आम्ही उतरलो ते ला पोसा नावाच्या सरकारी माळावर. ही जमीन केंद्र सरकारच्या भूमी-खात्याची. १९८३ पासून तिथे दीर्घ मुक्कामाची सोय आहे: १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, सात महिने, आणि आम्ही गेलो त्या हिवाळ्यात त्याची फी होती १८० डॉलर. चौदा दिवसांचे ४०. आम्ही चाळीसवाले. जागा आखलेली नाही, क्रमांक नाही. वाटेल तिथे गाडी उभी करा. दक्षिण भागात पाणी भरायची आणि टाक्या रिकाम्या करायची सोय आहे. बाकी वीज वगैरे तुमची तुम्ही. प्रत्येक छपरावर सूर्याची पाटी, आणि सकाळी म्हातारे लोक शिडीवर चढून ती सूर्याकडे कलती करताना दिसतात; सूर्यनमस्काराचाच प्रकार. गाडी उभी करताना ती सपाट आहे ना हे पाहावे लागते, कारण आतला फ्रीज ज्योतीवर चालतो. गॅस जाळून गारवा! १९२२ साली स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली. आत अमोनिया आपल्याच ओघाने फिरत असतो. गाडी फार कलली की तो ओघ अडतो आणि दूध नासते. जावईबापू चाकांखाली लाकडाचे ठोकळे सारत, आणि ही टेबलावर पाण्याने भरलेली ताटली ठेवून आतून ओरडत असे, "अजून थोडं डावीकडे!"

उजव्या हाताचे शेजारी कॅनडातले निवृत्त शिक्षक नवरा-बायको. त्यांच्या गाडीला मागे आणखी एक खोली बाहेर सरकते, दूरदर्शन मोठा, कुत्र्याला वेगळी गादी. उत्तरेला घर आहे. ते कुलूप लावून नोव्हेंबरात निघायचे. निघताना गाडीतल्या सगळ्या नळ्यांतून पाणी काढून त्यांत गुलाबी रंगाचे न गोठणारे द्रव्य भरायचे, आणि दक्षिणेला उबेत पोचल्यावर ते धुऊन पाणी घ्यायचे. त्यांच्या दारामागे एक कॅलेंडर टांगलेले होते आणि एकेक दिवस खोडलेला. फार दिवस देशाबाहेर राहिले तर सरकारी औषधपाण्याचा हक्क जातो, म्हणून मोजणी. मजेत होती माणसे. परत जायला घर असले म्हणजे घर सोडण्यात फार मजा असते.

डाव्या हाताला एक जुनी पांढरी व्हॅन होती, कधीकाळी कुणाच्या तरी दुकानाचा माल पोचवणारी. तीत एकाहत्तर वर्षांच्या एक बाई राहत होत्या. एकट्या. पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला होत्या. नवरा वारला, मग २००८ साली तिकडे घरांच्या किमती कोसळल्या. कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त झाले आणि दोन वर्षांनी घर बँकेने नेले. हे त्यांनी हिला पहिल्याच दिवशी सांगितले, तेही बटाटे सोलता सोलता. पेन्शन येते, पण ती भाडे भरले की संपते. म्हणून भाडेच काढून टाकले. १८० डॉलर भागिले सात महिने म्हणजे महिन्याला साधारण सव्वीस डॉलर. ज्यांना तेही जड जाते ते पलीकडच्या फुकट माळावर राहतात, पण तिथे चौदा दिवस झाले की पंचवीस मैल दूर जावे लागते.

या लोकांवर जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले आणि त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. शेजारीणबाईंनी तो पाहिला नव्हता. "मला कशाला दाखवतेस?" त्या लेकीला म्हणाल्या, आणि त्यात रागही नव्हता.

उन्हाळ्यात त्या डोंगरातल्या एका मुक्कामाच्या जागेची देखरेख करतात. पावत्या फाडायच्या, संडास धुवायचे, बदल्यात जागा फुकट आणि थोडा पगार. ऑक्टोबरात उत्तरेला रेड नदीच्या खोऱ्यात जातात, साखरबिटाच्या कामावर. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा यांच्या सीमेवरचा हा मुलूख. बिटे उपटून ट्रकांनी येतात, यंत्र त्यांचे डोंगर रचते, आणि बाईंचे काम प्रत्येक ट्रकमधला नमुना पिशवीत भरून त्याला चिठ्ठी लावायचे. बारा तासांची पाळी, कधी रात्रीची.

हे ऐकून मी सरसावून बसलो. साखर म्हटल्यावर मराठी माणूस गप्प बसत नाही! मी त्यांना बीडकडची टोळी सांगितली. दसरा-दिवाळी झाली की गाड्या जुंपून, ट्रॅक्टरला खाट, भांडी, शेळी आणि पोरे बांधून निघणारी कुटुंबे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल. आणि फडाच्या कडेला पाचटाने शाकारलेली कोपी. त्यांनी नीट प्रश्न विचारले. "किती आठवडे?" मी म्हटले, "आठवडे नाहीत, पाच-सहा महिने." त्यांना नवल वाटले. त्यांचे काम दोन-तीन आठवड्यांत आटोपते.

मग आम्ही दोघांनी त्याचे कारण शोधून काढले. बिटाचे डोंगर त्या मुलखातल्या थंडीने गोठतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. कारखाना सावकाश वसंतापर्यंत ते गाळत बसतो. उलट ऑक्टोबरात दिवस गरम निघाला तर काम थांबवतात, कारण गरम बिटांचा ढीग कुजतो. उसाला मात्र तोडल्यापासून उतार लागतो. एक-दोन दिवसांत गाळला नाही तर साखर घटते. म्हणून कारखाना जितके दिवस चालेल तितके दिवस रोज ताजा ऊस तुटला पाहिजे, आणि तितके दिवस तोडणाऱ्याचे बिऱ्हाड फडातच राहिले पाहिजे. तिकडची थंडी गोदामाचे काम करते. आपल्याकडे ते काम कोयता करतो. बाईंनी चहात साखर घातली, थोडा वेळ चमचा फिरवला आणि विचारले, "मुलांची शाळा?" मी काय सांगणार? काहींची वस्तीवर राहते, बऱ्याचजणांची सुटते, असे सांगितले.

त्यांच्याकडे वाहन चालवण्याचा परवाना साउथ डकोटा राज्याचा होता. तिथे त्या राहत नाहीत, पण त्या राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवली की फिरत्या माणसाला परवाना मिळत असे. तिथलीच एक पेढी त्यांची पत्रे गोळा करून जिथे असतील तिथे धाडते. "पत्ता लागतोच," त्या म्हणाल्या. "पत्ता नसला की बँक नाही, विमा नाही, डॉक्टर नाही. छप्पर नसलं तर चालतं." रेशनकार्डापासून आधारकार्डापर्यंत आयुष्यभर पत्त्याच्या पुराव्यांच्या सत्यप्रती काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नव्हती.

मग त्यांनी सहज हिला विचारले, "तुमचं घर कसं आहे?"

ही थोडी थांबली आणि म्हणाली, "पाडलंय."

खरेच होते ते. दादरची आमची इमारत पुनर्बांधणीला गेली. तीन वर्षांत चौदाव्या मजल्यावर जागा मिळायची आहे. तोवर बिल्डरच्या भाड्यावर दुसरीकडे. पलंग, कपाट, देवघर एका गोदामात, आणि आम्ही दोघे, जमेल तसे, मुलांकडे. गेली दोन वर्षे आमच्या बँकेची पत्रे अजून नसलेल्या इमारतीच्या पत्त्यावर जातात आणि शेजारचा किराणावाला ती सांभाळून ठेवतो. हे सगळे हिने आपल्या इंग्रजीत सांगितले. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. "पण ते परत मिळणार आहे?" त्यांनी विचारले. "कागद आहेत?" कागद आहेत, असे ही म्हणाली. "मग कागद तुमच्याजवळ ठेवा, गोदामात नको," त्या म्हणाल्या. हिने त्या रात्री लेकीच्या लॅपटॉपवर करारनाम्याच्या सगळ्या प्रती चढवून घेतल्या.

चौदा दिवसांची आमची मुदत पुरी व्हायला तीन दिवस होते तेव्हाच जावईबापूंची रजा संपली. आदल्या दिवशी बाईंच्या व्हॅनचा गिअर अडू लागला होता. कॅनडाच्या शिक्षकांनी खाली शिरून पाहिले आणि बाहेर येऊन मान हलवली. घराचा नळ बिघडला तर नळ बिघडतो. इथे गिअर बिघडला की घर बिघडते, नोकरी बिघडते, हिवाळा बिघडतो. गावातल्या कारागिराने सांगितलेला आकडा बाईंनी कुणाला सांगितला नाही. वसंतापर्यंत व्हॅन हलवणार नाही, एवढेच म्हणाल्या. १५ एप्रिलपर्यंत हलवायची गरजही नव्हती. जावईबापूंनी आमच्याकडचे जादा पाण्याचे पिंप, तांदूळ आणि एक न फोडलेला गॅसचा डबा त्यांच्या दाराशी नेऊन ठेवला. ही गोधडी घेऊन गेली. मी काही बोललो नाही. साडेतीन किलो वजन परत न्यायचे वाचले, असे नंतर हीच मला म्हणाली, पण फीनिक्स येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती.

निघताना बाईंनी साउथ डकोटाचा पत्ता लिहून दिला आणि आमचा मागितला. हिने पेन हातात धरले, माझ्याकडे पाहिले आणि लेकीचा पत्ता लिहिला.

त्याच पत्त्यावर ऑक्टोबरच्या अखेरीस एक पोस्टकार्ड आले. नॉर्थ डकोटाचा शिक्का, पुढे बिटांच्या डोंगराचे चित्र. मागे चार ओळी: गिअर दुरुस्त झाला, हप्त्यांवर. यंदा रात्रपाळी मिळाली. गोधडी उबदार आहे, पण ती धुवायची कशी ते कळवा. पुढच्या आठवड्यात दक्षिणेला निघते आहे.

हिने त्याच दिवशी उत्तर लिहिले: कोमट पाणी, थोडा साबण, पिळू नये, आणि कडक उन्हात दोन दिवस वाळत घालावी.